पांढऱ्यावर पांढरं

ऋतिका मुंबईहून महाडला परत आली ती दोन बॅगा, एक मोठा मॉनिटर आणि मतांचं एक भलंथोरलं गाठोडं घेऊन. बॅगा आणि मॉनिटर बाजारपेठेमागच्या गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत मावले. मतं मात्र भेटेल त्याच्यापुढे उलगडली जायची. अंधेरीतल्या एका कंपनीत ती वेबसाइटी बनवायची. लॉकडाउनमध्ये ती कंपनी बंद पडली आणि हिने ठरवलं, आता जे काय करायचं ते आपल्या मुलखात.

मुलखात गिऱ्हाइकं ती किती असणार! औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना हातमोजे आणि बूट पुरवणारा एक व्यापारी, सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांजवळ खोल्या भाड्याने देणारं एक जोडपं, असे चार-दोन. त्यांना वेबसाइट मिळायची आणि तिच्याबरोबर ऋतिकाचं व्याख्यान फुकट.

ब्राउझरबद्दल ती म्हणायची, "तो वाचणाऱ्याच्या घराचा दरवाजा. आपण पाहुणे. दरवाजा बुटका असला तर आपण वाकून आत जायचं, चौकट तोडायची नाही." म्हणून आपलं प्रत्येक पान ती जुन्यात जुन्या फोनवर उघडून बघायची आणि मगच पुढे जायची. डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर तिचा दात होता. पूर्वी एकदा घेतलं की ते आपलं असायचं, आता महिन्याच्या महिन्याला भाडं. वर भाडं देऊनही ते खोटंच बोलणार. "त्यात काढलेलं पान म्हणजे लग्नाआधी दाखवलेला फोटो. नांदायचं असतं वेगळ्याच माणसाबरोबर." आणि जाहिरातींबद्दल तिचं म्हणणं असं, की त्यांना आपली ना नाही, पण जाहिरातीने दारात उभं राहून आधी नाव सांगावं. घरच्या माणसाचे कपडे घालून आत शिरू नये.

हे शेवटचं मत तिने सुहासला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं. सुहास महाडचाच. त्याचं एक साप्ताहिक होतं, ते बंद पडलं होतं, आणि आता त्याला बातम्यांची वेबसाइट काढायची होती. नाव त्याने आधीच ठरवलं होतं, 'सावित्रीकाठ'.

"कपडे वेगळे तर वेगळे," तो हसून म्हणाला होता. "तू कर गं तुला हवं तसं. फक्त लोकांनी वाचलं पाहिजे."

तिने पान केलं ते अगदी साधं. वर नाव, खाली बातम्या, मोठी काळी अक्षरं, फोटो जवळजवळ नाहीतच. नेटवर्कची एक काडी असली तरी उघडावं असं. लोक हसले, एकाने तर विचारलं की उरलेलं पान कधी करणार. मग एकवीस सालच्या जुलैत सावित्रीचं पाणी शहरात चढलं. ऋतिका तेव्हा पोलादपूरकडच्या वाडीवर, आईवडलांकडे अडकली होती. सुहास एका गच्चीवर. जेव्हा जेव्हा फोन लागेल तेव्हा तो सांगायचा, कुठल्या आळीत माणसं अडकलीत, कशेडी घाट बंद आहे की चालू, कुठे होड्या पोचल्या. आणि वाडीच्या वरच्या अंगाला एका खडकावर जिथे रेंज यायची, तिथे छत्रीखाली बसून ऋतिका ते पानावर चढवायची. बाकीच्या भपकेबाज साइटी गोल गोल फिरत राहिल्या. 'सावित्रीकाठ' उघडलं. मुंबईत, सुरतेत, पुण्यात बसलेल्या पोराबाळांनी आपल्या माणसांची खबर त्या पानावरून घेतली.

तेव्हापासून पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर 'सावित्रीकाठ'ला मान मिळाला. 'त्याच्यावर आलंय' म्हटलं की विषय संपला.

सगळ्यात जास्त मान दिला तो रावजींनी, म्हणजे ऋतिकाच्या वडलांनी. रावजींचं घर कशेडीच्या अंगाला, मधल्या वाडीत. वर डोंगरउतारावर नाचणीचे वरकस तुकडे, खाली ओढ्याकाठी भाताची थोडी जमीन. शाळा सातवीपर्यंत झालेली, पण वाचनाची हौस दांडगी. पुड्याचा कागद उलगडून वाचणारा माणूस. भरतने, म्हणजे ऋतिकाच्या भावाने, आपला जुना फोन त्यांना दिला होता. सकाळचा चहा झाला की रावजी ओटीवर बसून, चष्मा नाकावर ओढून, पान वरपासून खालपर्यंत वाचायचे. मोठ्याने. शेजारची जानकीबाई भिंतीला टेकून ऐकायची, वाडीतलाच चांगू तंबाखू मळत ऐकायचा.

"ह्या आमच्या ऋतीनं केलंय," वाचून झालं की रावजी न चुकता सांगायचे.

"म्हायती हाय रं बाबा," चांगू म्हणायचा. "रोज काय सांगतोस!"

साइट चालवायची तर जाहिराती घ्याव्याच लागतात. पहिली काही वर्षं त्या महाडच्याच होत्या: सायकलचं दुकान, क्लास, लग्नाचा हॉल. ऋतिकाने प्रत्येकीभोवती चौकट आखली आणि वर काळ्या पट्टीत पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'जाहिरात' असं लिहिलं. मग दुकानदारांनी हात आखडता घेतला आणि सुहासने पुण्याच्या एका एजन्सीशी जोडून घेतलं. आता पानावर काय दिसणार ते एजन्सीचं यंत्र ठरवणार. इकडून फक्त जागा द्यायची.

एक दिवस एजन्सीचा माणूस व्हिडिओ कॉलवर आला. गोड बोलणारा तरुण होता. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं पान सुंदर आहे. पण ती काळी पट्टी म्हणजे दुकानाबाहेर 'सावधान' लिहिल्यासारखी वाटते. लोक बोटच लावत नाहीत."

"लावू नयेच," ऋतिका म्हणाली. "ज्याला हवं तो लावेल."

कॉल संपल्यावर सुहास बराच वेळ खुर्चीत डुलत राहिला. मग म्हणाला, "ऋतिका, काढून टाक असं मी म्हणत नाही. ती पट्टी जरा शांत कर. बस्स."

त्यावर ती दोन दिवस भांडली. तिसऱ्या दिवशी मॉनिटरसमोर बसून तिने पट्टी शांत केली. गंमत अशी, की एकदा हात घातल्यावर तिला ते काम आवडायला लागलं. काळा रंग काढला, त्या जागी धुक्यासारखा फिका राखाडी आणला. अक्षरं पांढरीच ठेवली, पण बारीक केली. चौकट पुसली. जाहिरातीच्या मजकुराला बातमीचाच टाइप दिला, म्हणजे पान एकसंध दिसेल. त्या मोठ्या मॉनिटरवर ते खरोखरच एकसंध दिसत होतं. कुठे खडा लागत नव्हता. राखाडी रंग तिने रंग लिहायच्या नव्या पद्धतीने लिहिला, कारण त्या पद्धतीत तो हवा तितका हलका मिळत होता. आपल्या फोनवर तिने पान उघडून बघितलं. जुन्या फोनवर बघायचं राहिलं. रंग तर बदललाय, त्यात काय बघायचं, असं तिला वाटलं असावं. पुढे ती आठवायचा प्रयत्न करायची, पण त्या क्षणी नेमकं काय वाटलं होतं ते तिला कधीच आठवलं नाही.

सुहासने बघितलं आणि तो म्हणाला, "हं. आता कसं!"

*

रावजींना साखरेचा आजार जुना. गोळ्या झाल्या, मग इंजेक्शन सुरू झालं. औषधाच्या बाटल्या चंद्राबाई ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ नवऱ्याला आठवण करायची. रावजी स्वतःच पोटात सुई टोचून घ्यायचे, तोंड वाकडं करून.

भाताची कापणी झाली तशी तिने आठवण करणं सोडलं, कारण रावजींनी तिला सांगितलं, "मी घेतंय माझा मी. पोराटोरासारखा मागं लागू नको."

पौषात वाडीतली काही माणसं सवला गेली. गरम कुंडात पाय सोडून बसलं की सांधे मोकळे होतात, अशी जुनी समजूत. रावजीही गेले. बाकीचे पाय घालायचे, हाय हाय करत बाहेर काढायचे. रावजी मात्र निवांत बसून राहिले. चांगू म्हणाला, "तुजी कातडी म्हशीची काय रं?" त्यावर सगळे हसले. रावजींच्या तळपायांना कधीपासून काही कळेनासं झालं होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्यांच्याही नाही. घरी आल्यावर चंद्राबाईला उजव्या पायावर फोड दिसले. तिने खोबरेल लावलं. फोड फुटले, चिघळले, अंगठा काळा पडला आणि घरात वास सुटला तेव्हा तिने ऋतिकाला फोन केला.

ऋतिका रिक्षा घेऊन वाडीखालच्या रस्त्याला आली आणि त्यांना महाडच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण तरुण होती. तिने पाय बघितला, रक्त तपासायला दिलं, आणि साखरेचा आकडा बघून चंद्राबाईकडे वळली. "इन्सुलिन चालू आहे ना यांचं?"

"हाय की," चंद्राबाई म्हणाली. मग तिने पिशवीतून ओलं फडकं काढलं, बाटल्या दाखवायला. उलगडून ती एकेक बाटली उजेडात धरून बघू लागली. बाटल्या भरलेल्या होत्या, सीलसुद्धा फुटलेलं नव्हतं.

"बाबा?" ऋतिका म्हणाली.

रावजी खाटेवर पडून छताकडे बघत होते. "सोडला मी तो," ते म्हणाले. "चूर्ण घेतंय."

"कसलं चूर्ण?"

"आता मला काय इचारतंस?" रावजी तिच्याकडे बघून हसले, तापलेल्या चेहऱ्याने. "तुज्याच पानावर लिवलंय ना! पोलादपूरच्या शेतकऱ्याचा इंजेक्शन सुटला म्हनून. मी म्हटलं, ऋतीनं छापलंय म्हंजे बघून-सवरून छापलं असंल."

डॉक्टरणीने ऋतिकाकडे एकदा बघितलं आणि ती कागदावर लिहू लागली. मुंबईला न्या, आजच, ती म्हणाली.

गाडी येईपर्यंत ऋतिका दवाखान्याच्या पायरीवर वडलांचा फोन घेऊन बसली. तिने 'सावित्रीकाठ' उघडलं. घाटातल्या कामाची बातमी, खाली पाणीपुरवठ्याची बातमी, आणि त्याच्याखाली, त्याच टाइपात, तितक्याच आकारात: 'महाडच्या शेतकऱ्याने इंजेक्शन कायमचं सोडलं, डॉक्टरही चकित.' फोन वाडीत होता तेव्हा पोलादपूर, महाडात आला तेव्हा महाड. ज्या गावात फोन असेल त्या गावाचं नाव यंत्र आपलं आपण भरत होतं. मुंबईत गेल्यावर ते मुंबईचा कुणीतरी शोधणार होतं.

वर 'जाहिरात' ही पट्टी नव्हती.

तिने फोन उन्हात तिरका धरला, डोळ्यांजवळ नेला. काही नाही. मग तिच्या लक्षात आलं, आणि ते अगदीच साधं होतं. त्या जुन्या फोनमधल्या ब्राउझरला रंग लिहायची नवी पद्धत ठाऊकच नव्हती. न कळलेली गोष्ट तो मुकाट सोडून देत होता. राखाडी पट्टी त्याने सोडून दिली. अक्षरं मात्र तिने सांगितली तशीच पांढरी काढली. पांढऱ्या पानावर पांढरी. शब्द तिथे होता आणि कुणालाही दिसत नव्हता.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हे, की एका ओळीत दुरुस्त होईल. आत बाप पाय सडून पडलेला असताना आपल्याला आधी ओळ सुचावी, याची तिला भयंकर लाज वाटली. तिने फोन बंद करून ओढणीत गुंडाळला आणि आत गेली.

*

मुंबईच्या सरकारी इस्पितळात रावजींचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. भरत कामावरून सुट्टी घेऊन धावपळ करत होता. ऋतिकाने वॉर्डाबाहेरच्या खिडकीत उभं राहून सुहासला फोन लावला.

"रावजीकाकांचं ऐकलं गं," तो म्हणाला. "फार वाईट झालं."

"ती चूर्णाची जाहिरात काढ, दादा. आणि पट्टी मी पहिल्यासारखी काळी करतेय."

"जाहिरात मी कशी काढू? एजन्सी टाकते. एक काढली तर दुसरी येईल. आपण फक्त जागा देतो."

"वाचणाऱ्याला काय माहीत जागा कुणाची आणि शब्द कुणाचा?"

"पट्टी होती ना पण? तूच केली होतीस."

"होती. दिसत नव्हती."

तो हलक्या आवाजात म्हणाला, "मग तो तुझ्या कामातला दोष झाला, ऋतिका. माझ्यावर कशाला रागावतेस?" आणि लगेच पुढे म्हणाला, "हे बघ, एजन्सी गेली तर साइट बंद. साइट बंद पडली तर उद्या दरड कुठे कोसळली ते लोकांना कोण सांगणार? तुझी पट्टी?"

तो खोटं बोलत नव्हता. तिने त्याच दुपारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून पट्टी काळी केली, अक्षरं मोठी केली आणि ती सगळ्यात जुन्या फोनवर, म्हणजे वडलांच्याच फोनवर, उघडून बघितली. दिसत होती. आठवडाभराने एजन्सीची तक्रार आली. त्यानंतर एका सकाळी तिने साइटमध्ये शिरायचा प्रयत्न केला तर पासवर्ड बदललेला होता. सुहासने काम पनवेलच्या कुणाला तरी दिलं होतं. पट्टी पुन्हा होती तशी फिकी झाली. बातम्यांच्या मधे आता हलती चित्रंही आली.

*

रावजी वाडीत परतले ते कुबड्या घेऊन. वाडीतल्या माणसांनी त्यांना डोलीतून चढणीवर आणलं. जो तो येऊन बघून जात होता. गर्दी ओसरली, चंद्राबाई चुलीशी गेली, आणि ओटीवर दोघंच राहिले तेव्हा ऋतिकाने सांगायला घेतलं. इस्पितळात तिने सांगितलं नव्हतं. धीर झाला नव्हता.

"बाबा, ते मी छापलेलं नव्हतं. ती जाहिरात होती."

"जाहिरात?" रावजी म्हणाले. "जाहिरातीवर तू लिवतंस तसा. काळ्या पट्टीत. मी बघतो ना नेहमी. ह्याच्यावर नव्हता."

"होतं. तुमच्या फोनवर उमटत नव्हतं."

"दाखव."

तिच्या फोनवर ते दिसत होतं. तिने फोन त्यांच्या हातात दिला आणि बोटाने जागा दाखवली. रावजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. फोन जवळ घेतला, लांब धरला. धुरकट पट्टीवर ती बारीक पांढरी अक्षरं त्यांना एकेक करून वाचावी लागली. जा. हि. रा. त.

"ह्या तू केलंस?"

"हो."

"ह्या कुनासाठी लिवलंस गो?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. एखाद्या कारागिराला वस्तूचा उपयोग विचारावा तसं त्यांनी विचारलं होतं.

जुन्या ब्राउझरचं कारण ऋतिकाच्या जिभेवर होतं. ते तिथेच राहिलं. कारण नव्या फोनवर, सगळं नीट उमटल्यावरही, तो शब्द कुणी वाचावा म्हणून लिहिलेला नव्हता, हे त्या एका प्रश्नाने उघडं पडलं होतं.

रावजींनी फोन परत दिला. ते म्हणाले, "मी वाडीत सांगितला ना पन. माझ्याच फोनवरनं चूर्न मागवून दिला. चांगूनं परवाच ओतला ओढ्यात, माझ्या पायाचा ऐकून. पन जानकी घेतंय अजून."

"मी जाते तिच्याकडे."

"तू काय जातंस. मीच येतो."

जानकीबाईचं घर चार पावलांवर, पण मधे बांध होता. कुबड्या नव्या, हाताला सवय नाही; ऋतिकाने एका बाजूने धरलं. जानकीबाई अंगणात कुळीथ पाखडत होती. नवरा कधीच गेलेला, मुलगा प्रवीण मुंबईत. तिने सूप बाजूला ठेवलं, रावजींना बसायला पाट दिला, आणि ऋतिकाचं म्हणणं ऐकून घेतलं. सगळं. मधे एकदाही तोडलं नाही.

मग ती म्हणाली, "म्हंजे तवा खोटा बोललीस, का आता खोटा बोलतंस?"

"तेव्हा मी बोललेच नव्हते, काकी. ते दुसऱ्याचं होतं."

"तुज्या पानावर दुसरा कसा लिवील? माझ्या भिंतीवर कुनी येऊन लिवला तर मी पुसनार नाय?"

"जानके," रावजी म्हणाले, आणि त्यांनी धोतर बाजूला करून पट्टी बांधलेला गुडघा पुढे केला. "ह्या बघ. औषध सोडल्याचा परिनाम. तू इंजेक्शन घे पुन्हा. माझा ऐक."

जानकीबाईने त्या गुडघ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती म्हणाली, "तुमचा पाय सवला भाजला, भावजी. सगळी वाडी व्हती तिथं. त्याचा बोल चूर्नाला कशाला? मला गुन आलाय. रोजची सुई सुटली, पोट दुखायचा थांबला. सुया टोचून टोचून माझ्या पोटाची चाळन झाली व्हती. तुमी पुन्यान मला सांगितलात, आता पाप कशाला लावून घेताय?"

ऋतिका बोलत राहिली. डॉक्टर काय म्हणतात ते सांगितलं, फोनवर दाखवलं. जानकीबाईने मान वळवली. "फोनवरचा मला काय दाखवू नको गो आता," ती म्हणाली, आणि सूप उचलून कुळीथ पाखडायला लागली. बांधावरून परत येताना रावजींची कुबडी घसरली. ऋतिकाने सावरलं.

ऋतिकाने प्रवीणलाही फोन केला. तो कामाच्या घाईत होता. आईला समजावतो, म्हणाला. समजावलंही असेल. शिमग्याच्या आधी एका सकाळी जानकीबाई परसात पडलेली चंद्राबाईला दिसली. शुद्ध नव्हती, श्वास वर वर चालला होता. पोलादपूरला नेईपर्यंत ती गेली. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं. वय झालं होतं, असं वाडीने म्हटलं. दोन्ही खरं होतं.

बाराव्याला सगळी वाडी जानकीबाईच्या अंगणात जमली. रावजी आत गेले नाहीत, कडेला बांधाच्या दगडावर बसले. ऋतिका महाडहून आली होती, ती त्यांच्याशेजारी उभी राहिली. पानं उठल्यावर प्रवीण त्यांच्याजवळ आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले.

"काका," तो म्हणाला, "फडताळात डबे सापडले चूर्णाचे. तुम्ही मागवून दिले होते ना?"

"हो रे," रावजी म्हणाले. "मीच."

"त्यांनी नाही," ऋतिका म्हणाली. "माझ्या पानावर होती ती जाहिरात, प्रवीण. मीच ती बातमीसारखी दिसेल अशी केली होती. बाबांना ती बातमी वाटली."

तिने ते इतक्या मोठ्याने म्हटलं की जवळची माणसं वळून बघू लागली. प्रवीण शिव्या देईल, निदान ओरडेल, असं तिला वाटलं होतं. तिला ते हवंही होतं. पण त्याने थकल्यासारखा हात हलवला.

"जाऊ दे गं. असल्या जाहिराती रोज शंभर येतात माझ्या फोनवर. साखर, केस, गुडघे. बोटाने ढकलायच्या. कोण वाचतं त्या?"

रावजींनी मान वर केली.

"आमी वाचतो," ते म्हणाले. "आमी वाचतो रे. आमाला वाटला, लिवलाय म्हंजे कुनीतरी लिवला असंल."

आतून प्रवीणला कुणीतरी हाक मारली, तसा तो गेला. रावजींनी कुबड्या ओढून घेतल्या. ऋतिकाने हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, झटकलाही नाही. ते आपले आपण उठले, दगडाला धरून, आणि हळूहळू घराकडे निघाले. ती त्यांच्या मागून चालत राहिली, पडले तर धरता येईल इतक्या अंतरावर.